पैठणीवरील मोर

पिसारा फुलवून नाचणारा मोर तुम्ही पाहिला असेल. त्याच्या मानेचा रंग कोणता, असे विचारताच तुम्ही 'निळा' म्हणाल. परंतु मोराने मान वळवली की तोच रंग हिरवट भासू लागतो. मोराच्या पिसातील मूळ रंगद्रव्य काळपट तपकिरी असते. पिसाच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडतो आणि त्यातून या निळ्या-हिरव्या छटा उमटतात.

असा क्षणोक्षणी पालटणारा रंग वस्त्रात कसा आणावा? पैठण व येवला येथील विणकरांनी ही किमया साधली आहे. ताण्याचे उभे धागे ते एका रंगाचे घेतात आणि बाण्याचे आडवे धागे दुसऱ्या रंगाचे. वस्त्र हलले की कधी एक रंग खुलतो, कधी दुसरा. अशा वस्त्रास 'धूपछाव' म्हणतात.

पैठणीच्या पदरावर सोनेरी जरीत रेशमी मोर, पोपट व कमळे विणतात. पारंपरिक पद्धतीत नक्षीतील प्रत्येक रंगाचा धागा वेगळा असतो आणि तो हाताने गुंफावा लागतो. जितके रंग अधिक, तितके श्रम अधिक. म्हणून विणकर रंगांची उधळण करीत नाही. हिरवे अंग आणि लाल चोच एवढ्यावरच त्याचा पोपट जिवंत होतो.

निसर्गाजवळ रंग अपार आहेत. त्यांतून नेमके कोणते घ्यावेत, हे जाणण्यातच कारागिराची खरी कसोटी आहे. धूपछाव पैठणी कधी पाहावयास मिळाली, तर ती उन्हात किंचित तिरपी धरून पाहा. मोराची मान तुम्हांस आठवल्यावाचून राहणार नाही.