जालना जिल्ह्यातील संसारी व श्रमिक स्त्रिया आणि परिचर्या प्रशिक्षणातील प्रवेश : एक विवेचन

सारांश

परिचर्या अर्थात नर्सिंग हे ग्रामीण स्त्रीला शासकीय व खासगी अशा दोन्ही क्षेत्रांत निश्चित वेतनाचे काम मिळवून देणारे शिक्षण आहे. परंतु विवाह, अपत्यसंगोपन आणि मजुरी अथवा मानधनावरील काम सांभाळणाऱ्या स्त्रीला या शिक्षणापर्यंत पोहोचणे सोपे नसते. प्रस्तुत लेखात जालना जिल्ह्याच्या संदर्भात प्रवेशाचे मार्ग, त्यांतील अडचणी आणि त्यांवरील उपाय यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : परिचर्या शिक्षण, ग्रामीण स्त्री, आशा स्वयंसेविका, जालना जिल्हा, प्रवेशप्रक्रिया

प्रस्तावना

जालना जिल्ह्याची निर्मिती १ मे १९८१ रोजी झाली. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा असे आठ तालुके असलेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १९ लाख ५९ हजार असून तिच्यातील सुमारे चार पंचमांश लोक ग्रामीण भागात राहतात. बियाणे उद्योग व पोलाद कारखाने यांमुळे जालना शहराची ओळख राज्याबाहेर पोहोचली आहे. मात्र ग्रामीण स्त्रीचे काम प्रामुख्याने शेतातलेच राहिले आहे. कापूस बीजोत्पादनाच्या प्लॉटवर फुलांचे हाताने परागीकरण करण्याचे नाजूक काम मोठ्या प्रमाणावर स्त्रियाच करतात. अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी गाव सोडतात. याशिवाय आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका, खासगी दवाखान्यातील मदतनीस अशा कामांतून आरोग्यक्षेत्राशी निकटचा परिचय झालेल्या स्त्रियांचा एक वर्ग आहे. परिचर्या प्रशिक्षणाची आकांक्षा या वर्गात विशेषत्वाने निर्माण होणे स्वाभाविक आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

संसाराची जबाबदारी असलेल्या किंवा निराधार झालेल्या स्त्रीने परिचर्येचे शिक्षण घ्यावे, हा विचार महाराष्ट्रात नवा नाही. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने विधवा व विवाहित स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे प्रशिक्षण मिळवून दिले आणि त्यांच्या निवासाचीही व्यवस्था केली. रुग्णसेवेकडे हलके काम म्हणून पाहण्याच्या त्या काळात निवासाची सोय व प्रतिष्ठित संस्थेचा आधार या दोन गोष्टींमुळे कुटुंबांचा विरोध सौम्य झाला. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद संस्थानात होता. सेवासदनाच्या अनुभवातून मिळणारा धडा आजही लागू पडतो : प्रशिक्षणाची जागा असणे पुरेसे नाही, तेथे राहता येणेही आवश्यक आहे.

प्रवेशाचे मार्ग

परिचर्या शिक्षणाच्या तीन प्रमुख पायऱ्या आहेत. पहिली, सहायक परिचारिका प्रसाविका अर्थात एएनएम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केवळ स्त्रियांसाठी असून कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेल्या उमेदवारास तो खुला आहे. दुसरी, जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी अर्थात जीएनएम; हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. त्यासाठी बारावीत किमान ४० टक्के गुण व इंग्रजी विषय आवश्यक असतो. तिसरी, बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षांच्या या पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात आणि राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची परीक्षा द्यावी लागते.

बारावी कला शाखेतून झालेली विवाहित स्त्री थेट पदवीला जाऊ शकत नाही, म्हणून अनेकींना आपला मार्ग बंद झाला असे वाटते. वस्तुतः तसे नाही. एएनएम, त्यानंतर जीएनएम आणि त्यानंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग अशा क्रमाने तीही पदवीपर्यंत पोहोचू शकते. एएनएम व जीएनएमसाठी सर्वसाधारण वयोमर्यादा १७ ते ३५ वर्षे असली, तरी भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार जीएनएमला प्रवेश घेणाऱ्या एएनएम उमेदवारास कमाल वयाची अट नाही. जिचे शिक्षण दहावीनंतर थांबले, तिला राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या बारावीची परीक्षा देता येते.

१२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा स्वयंसेविका गावोगावी उभ्या राहिल्या. पात्र आशांना परिचर्या प्रशिक्षणात प्राधान्य मिळावे, असे केंद्राचे धोरण आहे. तथापि प्रत्येक वर्षाच्या प्रवेशपुस्तिकेत यासंबंधीची तरतूद तपासून पाहणे इष्ट ठरते.

प्रमुख अडचणी

(१) काम व अभ्यासक्रम एकाच वेळी न जुळणे : परिचर्येचे मूलभूत अभ्यासक्रम पूर्णवेळ असून ते दूरस्थ पद्धतीने करता येत नाहीत. सिद्धांत व प्रात्यक्षिक यांत किमान ८० टक्के उपस्थिती लागते आणि रुग्णालयातील प्रात्यक्षिकाचे तास तर संपूर्ण भरावे लागतात. त्यांत रात्रपाळीही येते. आशांना कामागणिक मोबदला मिळत असल्याने काम थांबले की तो मोबदलाही थांबतो. त्यामुळे ‘नोकरी सांभाळून नर्सिंग’ ही कल्पना व्यवहारात टिकत नाही. खरा समतोल प्रवेशानंतर नव्हे, तर प्रवेशापूर्वीच्या वर्षात साधावा लागतो.

(२) कागदपत्रे : विवाहामुळे स्त्रीची जात बदलत नाही. त्यामुळे जातीचा दाखला व पडताळणी यांसाठी वडिलांकडील पुरावे, म्हणजे माहेरच्या गावचे शालेय व महसुली दाखले, गोळा करावे लागतात. दुसरीकडे शिधापत्रिका व आधार यांवर सासरचे नाव असते, तर गुणपत्रिकेवर माहेरचे. हा फरक विवाह नोंदणी प्रमाणपत्राने किंवा राजपत्रातील नावबदलाने जुळवावा लागतो. प्रवेशाच्या काही दिवसांच्या मुदतीत हे सर्व होणे कठीण असते. गुणवत्ता असूनही जागा हातची जाते ती येथेच.

(३) अंतर : तालुक्याच्या ठिकाणांपैकी जालना, बदनापूर व परतूर ही रेल्वेमार्गावर आहेत, इतरांना एस.टी. हाच मुख्य आधार. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी. प्रवासात ५० टक्के सवलत मिळते, तरी पहाटेच्या पाळीला वेळेवर पोहोचण्याचा प्रश्न सवलतीने सुटत नाही. सुमारे ६० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाशी संलग्न शिक्षण घ्यायचे, तर वसतिगृह अपरिहार्य ठरते आणि मग लहान मुलांचा प्रश्न उभा राहतो.

(४) फसवणूक : सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या ‘नर्सिंग’ प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही आणि नोंदणीविना परिचारिका म्हणून शासकीय नियुक्ती मिळत नाही. दागिने मोडून भरलेले शुल्क अशा ठिकाणी वाया जाते. म्हणून संस्थेची मान्यता शुल्क भरण्यापूर्वीच पडताळली पाहिजे.

उपाययोजना

प्रवेशापूर्वीचे एक वर्ष ‘तयारीचे वर्ष’ मानावे. दिवाळीपूर्वी जातपडताळणी व नावातील फरक यांची कामे हाती घ्यावीत. उन्हाळ्यात उत्पन्न व अधिवास दाखले पूर्ण करावेत. ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबातील स्त्रीने गाव सोडण्यापूर्वीच अर्ज दाखल करणे हिताचे आहे. शुल्काच्या दृष्टीने अनुसूचित जातींसाठी अडीच लाख रुपये उत्पन्नमर्यादेची भारत सरकार शिष्यवृत्ती आहे. शिवाय जुलै २०२४ च्या शासननिर्णयानुसार आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी आहे. व्यवस्थापन कोट्यास ती लागू नाही. म्हणून प्रवेशाची पद्धत निवडताना घाई करू नये.

कुटुंबाच्या पातळीवर बुडणारी मजुरी, मुलांचा सांभाळ आणि वृद्धांची शुश्रूषा यांची वाटणी प्रवेशापूर्वी स्पष्ट ठरणे आवश्यक आहे. ‘पुढे बघू’ या भरवशावर घेतलेला प्रवेश पहिल्या रात्रपाळीलाच डळमळतो. पती व सासू यांची संमती पुरेशी नसून प्रत्यक्ष कामात त्यांचा वाटा हवा. संस्थांनी पाळणाघर व वसतिगृह यांचा विचार केल्यास गळती रोखता येईल.

निष्कर्ष

१. बारावी कला शाखेच्या विवाहित स्त्रीसही टप्प्याटप्प्याने परिचर्या पदवीपर्यंत जाता येते. या मार्गाची माहिती गावपातळीवर पोहोचणे आवश्यक आहे.

२. मोठा अडथळा पात्रतेचा नसून कागदपत्रे, बुडणारे उत्पन्न व निवास यांचा आहे.

३. २०२४ मध्ये जालना येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. रुग्णालयाचा विस्तार होईल तशी परिचारिकांची गरज वाढेल. ती गरज जिल्ह्यातील स्त्रियांनी भागवावी असे वाटत असेल, तर पाळणाघर, वसतिगृह व कागदपत्र मार्गदर्शन यांची व्यवस्था प्रवेशाच्या जागांइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे.