केरळात मान्सून आला, म्हणून लगेच पेरणी नको

‘मान्सून केरळात दाखल’ असा मेसेज आला की गावोगाव पेरणीची घाई सुरू होते. पण देश मोठा, पाऊस सगळीकडे एकदम येत नाही. सर्वसाधारण तारखा अशा: केरळ १ जून, मुंबई ११ जून, राजस्थानचं पश्चिम टोक ८ जुलै. तामिळनाडूत तर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो.

लांब कशाला, सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तर माण तालुक्यात जेमतेम ५००च्या आसपास. ढग घाटमाथ्यावरच रिकामे होतात.

त्यामुळे मेसेज बघून बियाणं मातीत टाकू नका. आपल्या शिवारात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून ओल खोल गेली, की मगच चाड्यावर मूठ धरा. दुबार पेरणी परवडणारी नाही.