पाळण्याआधीचा हिशेब

टेस्ट ट्यूब बेबी केंद्रात तपासण्या आटोपल्या की जोडप्याला डॉक्टरांच्या केबिनमधून शेजारच्या टेबलाशी पाठवतात. तिथल्या बाई एक छापील कागद पुढे सरकवतात आणि त्यातल्या एका आकड्याभोवती पेनाने गोल काढतात. समजा, तो आकडा एक लाखाचा आहे. साताऱ्याकडचं एखादं जोडपं घरी जाऊन पतसंस्थेचं कर्ज, भिशी, पीएफची उचल, वेळ पडलीच तर पाटल्या असं जमवून एक लाख उभे करतं. चार महिन्यांनी वहीत बेरीज मांडली तर ती दोन लाख नव्वद हजारांवर गेलेली असते.

यात कुणी फसवलंच असेल असं नाही. गोल केलेला आकडा बहुतेक वेळा फक्त प्रक्रियेचा असतो. त्याआधीच्या रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी धरले पंधरा हजार. स्त्रीबीजं वाढवणारी इंजेक्शनं सत्तर हजारांची. शुक्राणू अशक्त निघाले म्हणून एकेक शुक्राणू सुईने बीजात सोडायचा, म्हणजे इक्सी करायची, तर त्याचे पंचवीस हजार. उरलेले भ्रूण गोठवायचे वीस हजार. पहिल्यांदा गर्भ राहिला नाही, म्हणून गोठवलेल्यांतला एक पुन्हा गर्भाशयात सोडायचे पन्नास हजार, आणि मधल्या काळातल्या गोळ्या-औषधांचे दहा हजार. शहरागणिक हे आकडे कमीजास्त होतात, खासगी रुग्णालयात खर्चाचा साचा मात्र साधारण असाच असतो. साताऱ्याहून पुण्याला केलेल्या खेपा, तिथला मुक्काम, पडलेले खाडे यांची तर पावतीसुद्धा नसते.

सगळ्यात जास्त धास्ती घालतात ती इंजेक्शनं. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण दहा-बारा दिवस रोज टोचायची. दर महिन्याला एरवी एकच बीज पिकतं, इथे एकाच वेळी आठ-दहा पिकवायची असतात. बरीचशी इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. म्हणून एसटीत मांडीवर बर्फाचा डबा घेऊन बसलेली बाई दिसते, आणि त्या डब्यात तिच्या घरच्या दोन-तीन महिन्यांच्या किराण्याचे पैसे असतात. बीजं तयार झाली की शेवटचं इंजेक्शन घड्याळ लावून घ्यायचं. रात्री साडेदहा म्हणजे साडेदहाच, कारण त्यानंतर सुमारे ३६ तासांनी, बीजं आपोआप फुटायच्या आत, ती काढून घ्यायची असतात. घरी नणंदेचं डोहाळेजेवण असलं तरी या बाईला मधूनच उठून खोलीचं दार लावून घ्यावं लागतं.

या इंजेक्शनांत स्वस्त आणि महाग असे दोन प्रकार आहेत. एक पाळी गेलेल्या स्त्रियांच्या लघवीतून शुद्ध करून काढलेल्या संप्रेरकाचा, दुसरा प्रयोगशाळेत जनुकतंत्राने बनवलेला. दुसरा बराच महाग पडतो. चाळीसहून अधिक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०११ च्या एका आढाव्यात मूल जन्माला येण्याच्या प्रमाणात दोहोंमध्ये म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. काही रुग्णांसाठी महागडा प्रकार निवडायला डॉक्टरांकडे कारण असू शकतं. ते कारण विचारायला मात्र संकोचू नये.

प्रयोगशाळेचा खर्च रुग्णाला दिसत नाही, पण तो खरा असतो. काचपात्रातल्या भ्रूणाला ३७ अंशांची ऊब आणि ५-६ टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो. हवा गाळून घ्यावी लागते, वीज गेली तर दुसऱ्या क्षणाला जनरेटर चालू व्हावा लागतो आणि भ्रूणतज्ज्ञ रविवारीही हजर असावा लागतो. हे सगळं अधिक साधेपणाने होऊ शकतं का, असा प्रश्न बेल्जियममधल्या गेंक शहरात डॉ. विलेम ओंबेलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारला. त्यांनी काचेच्या एका नळीत खायचा सोडा आणि सायट्रिक आम्ल पाण्यात मिसळलं. त्यातून निघालेला वायू दुसऱ्या बंद नळीत सोडला आणि त्या नळीत बीज व शुक्राणू एकत्र आणले. या पद्धतीने निरोगी बाळं जन्मलीसुद्धा. सोड्याने ढोकळा फुगतो त्याच रसायनाने प्रयोगशाळेचा खर्च खाली आणता येतो, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांपर्यंत पोचली आहे.

आता हिशेबातला अवघड भाग. आलेलं बिल एका प्रयत्नाचं असतं, बाळाचं नव्हे. ब्रिटनमध्ये या उपचारांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था दरवर्षी निकाल जाहीर करते. तिच्या अलीकडच्या आकड्यांनुसार पस्तिशीच्या आतल्या स्त्रीच्या गर्भाशयात एक भ्रूण सोडला, तर साधारण तीनातल्या एका वेळी बाळ जन्मतं. चाळीस ते बेचाळीस वयात तेच प्रमाण दहात एक असं होतं. म्हणजे पस्तिशीच्या आतल्या स्त्रीला तीन भ्रूणांची संधी मिळाली तर बाळ होण्याची शक्यता सुमारे सत्तर टक्के, आणि चाळिशी ओलांडलेलीला तितक्याच संधींत सत्तावीस टक्क्यांच्या आसपास. म्हणून ‘एका सायकलला, म्हणजे एका प्रयत्नाला, किती?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘माझ्या वयाला, माझ्या रिपोर्टवर, तीन वेळा भ्रूण सोडेपर्यंत एकूण किती?’ असं विचारलं की खरा आकडा समोर येतो. केंद्र ‘सत्तर टक्के यश’ सांगत असेल तर ते यश कशाचं, तेही विचारावं. चौदा दिवसांनी रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह येणं आणि नऊ महिन्यांनी बाळ हातात येणं यांत पुष्कळ अंतर असतं.

पहिला प्रयत्न फसला की जोडपं हळवं झालेलं असतं. नेमकं तेव्हाच जास्तीच्या उपायांची यादी निघते. गर्भाशयाच्या अस्तरावर हलका ओरखडा काढला तर भ्रूण चांगला रुजतो, अशी समजूत कित्येक वर्षं होती आणि त्याचे वेगळे पैसे लागत. ५ देशांतल्या १,३६४ स्त्रियांवर चाचणी घेऊन २०१९ मध्ये तिचे निकाल छापले गेले. ओरखडा काढलेल्या आणि न काढलेल्या, दोन्ही गटांत बाळ होण्याचं प्रमाण २६.१ टक्केच निघालं. पुरुषाचे शुक्राणू चांगले असताना इक्सी केली तर काय होतं, हे व्हिएतनाममध्ये १,०६४ जोडप्यांवर पाहिलं गेलं, आणि तिथेही साध्या टेस्ट ट्यूब पद्धतीपेक्षा, म्हणजे आयव्हीएफपेक्षा, ठळक फायदा दिसला नाही. शुक्राणू कमी किंवा अशक्त असतील तर मात्र इक्सी हे वरदान आहे. ज्याला गरज नाही त्याच्या बिलात ते पंचवीस हजार का यावेत?

याच्या उलट, काही शे रुपयांत होणारी वीर्यतपासणी मात्र घराघरांत सगळ्यात शेवटी होते. वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा स्त्रीकडच्या कारणाबरोबर असतं. तरी बाईची दुर्बिणीतून तपासणी होते, ट्यूब तपासल्या जातात, दोन-तीनदा आययूआय, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं, होतं, नवस फेडून होतात, आणि मग कुणीतरी नवऱ्याला लॅबमध्ये धाडतं. त्या दोन-तीन वर्षांत पैसा जातो. बाईचं वयही जातं, आणि ते कुठल्याच पतसंस्थेत उसनं मिळत नाही. गर्भाशयाचा आणि ट्यूबचा क्षयरोग हेही आपल्या देशात वंध्यत्वाचं महत्त्वाचं कारण आहे. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

पैसे कोण देतं? बहुतेक सगळे जोडप्याच्याच खिशातून. आरोग्य विम्यात जे आजार वगळायची मुभा आहे, त्यांच्या ठरलेल्या यादीत सतराव्या क्रमांकावर वंध्यत्व आहे. काही नव्या पॉलिसी ठरावीक वर्षं थांबायच्या अटीवर थोडी रक्कम देतात. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत कर्मचाऱ्यांना एका सायकलला ६५,००० रुपयांपर्यंत, अशा तीन सायकलींची भरपाई देण्याची तरतूद झाली. या उपचारांवर जीएसटी लागत नाही, हे २०२२ मध्ये स्पष्ट झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे जगात दर सहा प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाचा अनुभव येतो. इतक्या माणसांचं दुखणं विम्याने वगळण्याच्या यादीत ठेवावं, हा अन्याय आहे.

कायदा मात्र रुग्णाच्या बाजूने बरंच काही बोलतो. २०२१ चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा सांगतो की उपचाराआधी यशाची शक्यता, फायदे-तोटे, धोके आणि खर्च समजावून देणं केंद्रावर बंधनकारक आहे, आणि तक्रार ऐकण्यासाठी केंद्रात कक्ष असला पाहिजे. तेव्हा टेबलावरचा तो कागद सविस्तर मागावा. इंजेक्शनं धरली आहेत का, भूल धरली आहे का, बीजंच मिळाली नाहीत तर किती परत, हे सगळं लेखी घ्यावं. जुळ्यांची जोखीमही त्यातच विचारावी, कारण अपुऱ्या दिवसांची दोन बाळं काचेच्या पेटीत ठेवावी लागली तर तिथलं रोजचं बिल हजारांत जातं.

मुंबईत या तंत्राची सुरुवात झाली ती परळच्या केईएममध्ये, महापालिकेच्या रुग्णालयात. तिथे ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्यापुढची बरीच वर्षं हे उपचार मुख्यतः खासगी केंद्रांत वाढले. २०२३ मध्ये गोव्याने बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ सुरू केलं. महाराष्ट्रातल्या प्रत्येक महसुली विभागात असं एक तरी केंद्र उभं राहिलं, तर कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या बाईला बर्फाचा डबा घेऊन रात्रीची गाडी पकडावी लागणार नाही.

ज्यांना बाळ झालं त्यांचा हिशेबही लगेच मिटत नाही. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये त्यांचे दोन-तीन भ्रूण अजून असतात. कायद्याने ते दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, आणि केंद्र त्याचं वार्षिक भाडं घेतं. मुलगी बालवाडीत जाऊ लागते, तरी वर्षातून एकदा फोनवर मेसेज येतो की साठवणुकीचे पैसे भरा. रात्री मुलगी झोपल्यावर नवरा-बायको तो मेसेज पुन्हा उघडून बसतात. दुसरं मूल हवं का, परवडेल का, आणि नको असेल तर त्या भ्रूणांचं काय करायचं, हे ठरेपर्यंत आणखी एका वर्षाचे पैसे भरले जातात.