पाचट पेटवू नका, कुजवा

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला, की सातारा-सांगलीच्या शिवारांत संध्याकाळी धुराचे लोट उठू लागतात. ऊस गेल्यावर रानात उरलेले पाचट पेटवले जाते आणि माझ्या दवाखान्यात धाप लागलेल्या वृद्धांची संख्या वाढते. गेल्या हंगामात एका आजोबांना त्यांचा नातू रात्री असाच घेऊन आला. धूर कुठला, असे विचारताच त्याने मान खाली घातली. पाचट त्यांच्याच रानात पेटवले होते.

धुरातील सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर शिरतात. दमा वा हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांना ते विशेष घातक ठरतात. शिवाय जमिनीचे अन्नही जळून जाते. एका हेक्टरमागे सुमारे ८ ते १० टन पाचट निघते.

त्याचे उत्तम कंपोस्ट होते. पाचटात कर्ब भरपूर, पण नत्र अल्प असते. म्हणून ते लवकर कुजत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट, १ किलो कंपोस्ट जिवाणू आणि १०० किलो ताजे शेण वापरावे. मीटरभर खोल खड्ड्यात पाचटाचे वीतभर थर देऊन प्रत्येक थरावर खते व जिवाणूमिश्रित शेणकाला शिंपडावा आणि शेवटी माती-शेणाने लिंपून घ्यावे. ओलावा टिकवावा व महिन्याने खालीवर करावे. चार-पाच महिन्यांत काळसर, भुसभुशीत खत तयार होते. अधिक मार्गदर्शनासाठी फलटण तालुक्यातील पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र जवळच आहे.

आता वैद्यकीय सूचना. ढीग हलवताना बुरशीचे कण उडतात. म्हणून तो आधी ओला करावा, एन-९५ मास्क, हातमोजे व बूट वापरावेत. दमेकऱ्यांनी त्या वेळी दूरच राहावे. कामानंतर काही तासांनी थंडीताप, कोरडा खोकला वा धाप सुरू झाल्यास साधा फ्लू समजू नये. डॉक्टरांना खताच्या कामाविषयी आवर्जून सांगावे. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी. मधुमेहींनी अनवाणी रानात जाऊ नये.

यंदा त्या आजोबांच्या रानात पाचट पेटले नाही. नातू थर रचतो आणि आजोबा लांब बांधावर बसून चुका काढतात. घरच्या ज्येष्ठांसाठी आपणही एवढे अवश्य करावे.