टॅपेट कव्हरचे पॅकिंग : काम थोडक्याचे, दुर्लक्ष महागाचे

आपल्या समाजातील पुष्कळ व्यापारी व कारागीर बंधूंची रोजी गाडीवर चालते. कोणी कापडाचे गठ्ठे नेतो, कोणी भाजीपाला, तर कोणी प्रवासी घेऊन वाई, पाचगणी, महाबळेश्वर अशा फेऱ्या करतो. दुकानाचा हिशोब आपण रोज पाहतो, पण इंजिनातून थेंब थेंब तेल गळत असेल तर "नंतर पाहू" म्हणतो. आम्हीही तेच केले होते. म्हणून आमचा तजुर्बा आणि या कामाची माहिती बंधूंपुढे ठेवीत आहोत.

वाईपासून पाचगणी साधारण बारा किलोमीटर आहे, आणि तेवढ्यात पसरणीचा घाट गाडीला पाचशे मीटरहून अधिक वर चढवितो. काही वर्षांपूर्वी रमजानच्या शेवटच्या आठवड्यात ईदचा माल भरून आमची ओम्नी हा घाट चढत होती. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. तेथून जळक्या तेलाचा वास येऊ लागला आणि थोड्याच वेळात धूर दिसला. गाडी कडेला घेऊन सीट उचलली, तर इंजिनाच्या वरच्या झाकणातून ओघळलेले तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडत होते. आग लागली नाही, ही अल्लाहची कृपा. दोन महिने जमिनीवर डाग दिसत होते आणि आम्ही फक्त वरून तेल ओतत होतो.

मधल्या काळात एका गॅरेजवाल्याने आम्हाला सांगितले होते की मागचे ऑइल सील गेले आहे, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तो मोठा खर्च ऐकून आम्ही काम लांबणीवर टाकले. घाटातील प्रसंगानंतर दुसऱ्या एका बुजुर्ग उस्तादांनी आधी इंजिन धुऊन कोरडे केले, पंधरा मिनिटे चालू ठेवले आणि गळती कोठून सुरू होते ते बोटाने दाखविले. तेल नेहमी खाली वाहते. त्यामुळे डाग खाली दिसला तरी शोध वरून सुरू करावा. सील किंवा हेड उघडण्यापूर्वी टॅपेट कव्हर पाहावे, ही पहिली गोष्ट.

पुस्तकात ज्याला व्हॉल्व कव्हर म्हणतात, त्याला गॅरेजमध्ये टॅपेट कव्हर म्हणतात, आणि गॅस्केटला पॅकिंग. इंजिनाच्या डोक्यावर व्हॉल्व उघडझाप करणाऱ्या भागांवर सतत तेल उडत असते. ते बाहेर येऊ नये म्हणून हे झाकण, आणि झाकण व हेड यांच्या फटीत पॅकिंग. जुन्या गाड्यांत ते कॉर्कचे असे, पुढे रबराचे आले. वर्षानुवर्षे उष्णता खाऊन रबर कडक होते, चपटे होते, त्याला चिरा जातात. घाटात इंजिन अधिक तापते, त्यामुळे आपल्याकडे हे लवकर घडू शकते.

नुकसान तीन प्रकारचे. तेल तापलेल्या पाइपावर पडल्यास धूर आणि आगीचा धोका. तेल कमी होऊन इंजिन जाम होण्याचा धोका. आणि ज्या नव्या इंजिनांत स्पार्क प्लग कव्हराच्या मधल्या खोल नळ्यांत बसतात, त्यांत नळीचे सील गेल्यास प्लगभोवती तेल साचते आणि गाडी झटके देते. अशा गाडीत नळ्यांची सीलेही पॅकिंगबरोबरच बदलावीत.

आता काम कसे करावे ते सांगतो. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. बॅटरीची ऋण तार काढावी. कव्हरावरील नळ्या व वायरी काढताना खूण करून ठेवावी. कव्हराभोवतीची धूळ आधीच पुसावी, नाहीतर ती इंजिनात पडेल. बोल्ट बाहेरच्या टोकांकडून मध्याकडे थोडे थोडे सैल करावेत. कव्हर चिकटले असेल तर रबरी हातोडीने हलके ठोकावे. पेचकस घालून उचकटू नये, कारण ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की नवे पॅकिंगही गळते.

जुने पॅकिंग व सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने काढून दोन्ही कडा स्वच्छ कोरड्या कराव्यात. येथे कापडवाला म्हणून एक गोष्ट सांगतो. गॅरेजमध्ये पुसायला सुताचा गुंता वापरतात, त्याचे धागे सुटतात आणि तेलाच्या जाळीत जाऊन अडकू शकतात. त्याऐवजी धुतलेल्या जुन्या सुती चादरीचा घट्ट विणीचा तुकडा घ्यावा. कव्हर सपाट काचेवर ठेवून वाकले आहे का तेही पाहावे.

नवे पॅकिंग खाचेत नीट बसवावे. सिलिकॉन सगळीकडे फासू नये. गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या कोपऱ्यांवर व सांध्यांवर थेंबभर पुरते. मग बोल्ट मध्यापासून बाहेर, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. पुष्कळ लहान गाड्यांत हे बोल्ट ६ मिलिमीटरचे असतात व त्यांना साधारण १० न्यूटन मीटर एवढाच जोर लागतो. नेमका आकडा पुस्तकात पाहावा. जास्त आवळल्यास रबर पिळून निघते, कव्हर वाकते, नाहीतर हेडमधील आटे जातात. गळती थांबत नाही म्हणून आणखी आवळणे हीच आपल्याकडची नेहमीची चूक आहे.

एक गोष्ट आणखी. नवे पॅकिंगही लवकर गळू लागले तर ब्रीदर नळी तपासावी. ती तुंबली की इंजिनातील दाब तेलाला फटीतून बाहेर ढकलतो. इंजिन चालू असताना तेलाचे झाकण उघडून जोराने धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगांचा दोष असू शकतो. तेथे पॅकिंगचा इलाज नाही.

काम झाल्यावर पट्टीवर तेलाची पातळी पाहावी, आणि एकदा घाट चढून आल्यावर कव्हराची कड पुन्हा तपासावी.

आमच्या गाडीचे पॅकिंग एका सदऱ्याच्या कापडाहून महाग नव्हते, आणि काम दुपारच्या नमाजपूर्वी झाले. त्यासाठी आम्ही दोन महिने तेल वाया घालविले आणि ईदचा माल पणाला लावला. ज्या बंधूंच्या गाडीखाली डाग दिसतो, त्यांनी आजच बॉनेट उघडून पाहावे. अल्लाह सर्वांच्या रोजीत बरकत देवो.