मार्चमधला पैसा, श्रावणातली भूक
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मार्च महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वर्तमानपत्रात एक बातमी ठरलेली असते. आदिवासी विकासाचा अमुक इतका निधी अखर्चित राहिला, अशी. आपण ती वाचतो, दोन शब्द सरकारला ऐकवतो आणि पान उलटतो. माझी नोकरी सरकारी हिशेबात गेली, त्यामुळे असेल, पण ही बातमी वाचताना मी तिच्यात एक गोष्ट शोधत असतो आणि ती बहुतेक वेळा सापडत नाही. किती पैसा उरला हे छापलेले असते. तो हातात पडला कधी, हे नसते. खरी मेख तिथे आहे.

मी कळव्याला राहतो. खाडीच्या पलीकडे ठाण्यात आदिवासी विकासाच्या अप्पर आयुक्तांचे कार्यालय आहे. शहापूर, जव्हार, डहाणू, रायगडातले पेण, पुण्यातले घोडेगाव असे प्रकल्प त्याच्या अखत्यारीत येतात. कळव्याहून धिमी गाडी धरून कल्याणला उतरायचे आणि कसारा लोकल पकडायची, की दोन-अडीच तासांत माणूस शहापूर तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर पोचतो. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर वेगळा झाला, तोवर हा सगळा मुलूख एकाच ठाणे जिल्ह्यात होता. २०११ च्या जनगणनेत त्या एकत्र जिल्ह्यात १५ लाखांहून अधिक आदिवासी होते. आजच्या पालघरचा भाग वेगळा काढला तर तिथे शंभरातली सदतीस माणसे आदिवासी भरतात. म्हणजे हा विषय गडचिरोलीचा आणि मेळघाटचा जितका, तितकाच तो आपल्या लोकलच्या शेवटच्या स्टेशनाचा आहे.

आधी हा पैसा येतो कुठून ते सांगतो. पाचव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, सत्तरच्या दशकाच्या मध्याला, आदिवासी उपयोजना सुरू झाली. कल्पना सरळ होती. लोकसंख्येत आदिवासींचा जेवढा वाटा, तेवढा वाटा विकासाच्या खर्चात त्यांच्यासाठी वेगळा काढायचा. प्रत्यक्षात काय होई? प्रत्येक खाते आपल्या खर्चातला काही भाग कागदावर आदिवासींच्या नावे दाखवी. धरण बांधले, त्याचे पाणी चार आदिवासी गावांजवळून गेले, लावा त्याचा हिस्सा उपयोजनेत! रस्त्यांचेही तसेच. बेरीज जुळायची, पाड्यावर मात्र काही दिसायचे नाही.

यावर उपाय सुचवला तो माजी मुख्य सचिव द. म. सुकथनकर यांच्या समितीने. समितीचे म्हणणे असे, की खात्याखात्यांनी उरलेसुरले दाखवण्याऐवजी एकूण योजनेतला ९ टक्के पैसा आधीच बाजूला काढावा, तो आदिवासी विकास विभागाच्या हाती द्यावा आणि कोणत्या कामाला किती द्यायचे हे त्या विभागाने ठरवावे. १९९३-९४ पासून राज्याने ही पद्धत स्वीकारली. पुढे देशभर तिला 'महाराष्ट्र पॅटर्न' म्हणू लागले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात आदिवासी एक कोटी पाच लाख, म्हणजे सव्वानऊ टक्क्यांच्या वर. तेव्हा ९ टक्के हा आकडा कुणाची मेहरबानी नाही, तो सरळ हिशेब आहे.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकात प्रत्येक विभागाला एक अक्षर असते. आदिवासी विकासाचे अक्षर 'टी'. उपयोजनेचा महसुली खर्च टी-५ या मागणीत आणि भांडवली खर्च टी-६ मध्ये. मार्चमध्ये विधिमंडळात या मागण्या मंजूर होतात आणि टीव्हीवर 'इतके हजार कोटी' असे झळकते. आपल्याला वाटते, पैसा निघाला. पैसा अजून जागचा हललेलाही नसतो. मंजुरी म्हणजे खर्च करण्याची परवानगी. त्यानंतर वित्त विभाग तिजोरीची स्थिती पाहून किती टक्के सोडायचे ते ठरवतो. मग तो मंत्रालयातून नाशिकच्या आयुक्तांकडे, तिथून ठाण्याच्या अप्पर आयुक्तांकडे, तिथून शहापूरच्या प्रकल्प अधिकाऱ्याकडे, असा संगणकावरून खाली उतरतो. पूर्वी याला आमच्या भाषेत 'बीडीएसवर पैसे पडणे' म्हणत. आता त्या प्रणालीचे नाव 'बीम्स'. पैसे पडले नाहीत तर कोषागारात बिल घेऊन जाण्यात अर्थच नसतो.

आणि कामाचे काय? समजा, एका आश्रमशाळेला विहीर हवी आहे. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, इतकी दारे ओलांडावी लागतात. प्रत्येक दाराशी एक टेबल आणि प्रत्येक टेबलाशी एक शेरा. त्यात निवडणुकीची आचारसंहिता आडवी आली की दोन महिने गेलेच समजा. जून ते सप्टेंबर सह्याद्रीच्या त्या अंगाला खोदकाम होत नाही. एप्रिलमध्ये मान्यता मिळाली नाही तर विहीर दिवाळीपर्यंत कागदावरच राहते.

आता सरकारी वर्षाच्या चार तिमाह्या एका बाजूला ठेवा आणि पाड्यावरचे वर्ष दुसऱ्या बाजूला.

एप्रिल ते जून ही पहिली तिमाही. पाड्यावर राब भाजणे, लग्ने, वीटभट्टीवरून परतणे आणि पाऊस पडला की भात, नाचणी, वरीची पेरणी. बियाणे हवे असते ते आत्ता. कार्यालयात तरतूद नुकतीच मंजूर झालेली असते आणि वितरणाची वाट बघणे चालू असते. जुलै ते सप्टेंबर ही दुसरी तिमाही. घरातले धान्य संपते, मजुरी नसते, ओढ्यांमुळे वाटा बंद होतात. आजारपणे याच दिवसांत येतात. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तिसरी तिमाही ऑक्टोबर ते डिसेंबर. भात कापून होते, दिवाळी होते आणि कातकरी कुटुंबे पोरांबाळांसकट भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर निघतात. आणि चौथी तिमाही, जानेवारी ते मार्च. फायली पळू लागतात. पैसा धो धो खाली येतो. त्या वेळी अनेक पाड्यांवर म्हातारी माणसे आणि कोंबड्या तेवढ्या उरलेल्या असतात.

मार्चअखेरच्या रात्री मी पुष्कळ पाहिल्या आहेत. संगणक येण्याआधी एका कार्यालयात मी लेखा शाखेत होतो. ३१ मार्चला रात्री उशिरापर्यंत दिवे जळत, चहाच्या किटल्या फिरत आणि बिलांवर शिक्के पडत. एका वर्षी त्या गठ्ठ्यात वसतिगृहाच्या मुलांसाठी घेतलेल्या छत्र्यांचे बिल होते. छत्र्या फेब्रुवारीच्या अखेरीस आल्या होत्या. नियमाने त्यात काही चुकले नव्हते. दर बरोबर, संख्या बरोबर, पावती बरोबर. मी बिल तपासले, सही केली आणि पुढे सरकवले. पैसा परत गेला नाही याचे सगळ्यांना समाधान होते, मलाही होते. त्या मुलांनी पावसाळा कसा काढला, हे विचारायला बिलात रकाना नसतो.

पैसा उशिरा आला की घाई होते आणि घाईत दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे वाटण्यापेक्षा विकत घेणे सोपे वाटते. वस्तू घेतली, बिल लागले, खर्च झाला. दुसरी, तपासणी ढिली पडते. २००४ ते २००९ या काळातल्या आदिवासी योजनांमधल्या गैरव्यवहारांची चौकशी निवृत्त न्यायमूर्ती गायकवाड यांच्या समितीला करावी लागली, ती उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर. सगळा दोष वेळापत्रकाचा, असे मी म्हणणार नाही. चोराला कोणताही महिना चालतो. पण मार्च त्याला जास्त सोयीचा.

आश्रमशाळांतल्या मुलांना वस्तूंऐवजी थेट बँक खात्यात पैसे देण्याचा निर्णय २०१६ साली झाला, त्यामागे हाच अनुभव होता. छत्री निदान जूनमध्ये विकत घेता यावी. अर्थात खात्यातला पैसाही वेळेवर पडला तरच.

खावटीचे उदाहरण तर फारच बोलके आहे. पावसाळ्यातल्या उपासमारीच्या महिन्यांत आदिवासींना सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून खावटी कर्ज ही योजना १९७८ पासून होती. मध्यंतरी ती बंद पडली. २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी आली, भट्ट्या आणि बांधकामे थांबली. तेव्हा सरकारने एका वर्षापुरते खावटी अनुदान जाहीर केले. ११ लाख ५५ हजार कुटुंबे, प्रत्येकी ४००० रुपये. त्यातले २००० बँकेत आणि २००० रुपयांच्या वस्तू: मटकी, चवळी, हरभरा, वाटाणा, तूर आणि उडीद डाळ, साखर, शेंगदाणा तेल, मिरची पूड, मीठ, चहा. एकूण ४८६ कोटी. शासन निर्णय निघाला सप्टेंबर २०२० मध्ये. मग याद्या, खाती, निविदा. वस्तूंची पाकिटे अनेक पाड्यांवर पोचली ती २०२१ मध्ये, पुढच्या पावसाळ्यात. कुणी म्हणेल, उशिरा का होईना मिळाले. मिळाले, हे खरेच. पण ज्या श्रावणासाठी ते होते, तो श्रावण सावकाराने निभावला होता.

याउलट डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना बघा. २०१५ साली सुरू झालेली. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण, पुढे लहान मुलांना अंडी किंवा केळी. योजना उत्तम आहे, कारण ती रोजची आहे. आणि रोजची आहे म्हणूनच तिला पैशाचा खंड सोसत नाही. विहीर तीन महिने थांबते. पोटातले मूल थांबत नाही. निधी लांबला की अंगणवाडीताई वाण्याकडे उधारी करते. वाण्याने वही मिटली की अंडे बंद होते. जिल्ह्याच्या तक्त्यात तेव्हाही वर्षअखेरीला खर्च शंभर टक्के दिसू शकतो! थकलेली बिले मार्चमध्ये चुकती झाली की आकडा पूर्ण. म्हणून माझे म्हणणे असे, की वर्षाचा एक आकडा फसवा असतो. तिमाहीचे आकडे पाहावे लागतात.

कॅनडात असे करतात. तिथे मूलनिवासी आणि उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशातल्या वस्त्यांसाठी केंद्र सरकारचा मोठा विभाग होता. २०१९ साली कायद्याने त्याचे दोन विभाग झाले. त्यांचेही आर्थिक वर्ष आपल्यासारखेच, १ एप्रिल ते ३१ मार्च. २०११ पासून तिथल्या सरकारी विभागांवर बंधन आहे, की पहिल्या तीन तिमाह्यांचा हिशेब प्रत्येक तिमाही संपल्यावर ६० दिवसांत लोकांसमोर ठेवायचा. वर्षाला मिळालेले किती, या तिमाहीत खर्च किती, गेल्या वर्षी याच तिमाहीत किती आणि फरक का पडला, हे शब्दांत लिहायचे. गंमत म्हणजे तिथल्या दूरच्या वस्त्यांचेही एक वेळापत्रक आहे. गोठलेल्या तळ्यांवरून आणि नद्यांवरून जाणारे हिवाळी रस्ते जेमतेम जानेवारी ते मार्च चालतात. सामान तेव्हाच न्यायचे, नाहीतर विमानाने. आपल्याकडे पाऊस वाट अडवतो, तिकडे बर्फ वितळला की वाट जाते. त्या हिशेबाने तिथल्या मूलनिवासींचे सगळे प्रश्न सुटले, असे मुळीच नाही. पण उशीर लपत नाही.

आपल्याकडे केंद्राने स्वतःच्या मंत्रालयांना शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्के अशी खर्चाची मर्यादा घालून दिली. आंध्र प्रदेश आणि कर्नाटक यांनी २०१३ साली उपयोजनेचे कायदे केले. तेलंगणाच्या २०१७ च्या कायद्यात तर एका वर्षी न खर्चलेली रक्कम पुढच्या वर्षी भरून देण्याची सोय आहे. वाट महाराष्ट्राने दाखवली, कायद्याचा मान शेजाऱ्यांनी घेतला. आपल्याकडे वळवावळवीचा प्रश्नही संपलेला नाही. मे २०२५ मध्ये आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये लाडकी बहीण योजनेसाठी वर्ग झाले. लाभार्थींमध्ये आदिवासी भगिनीही आहेत, असे त्याचे समर्थन केले गेले. ते खरे आहे. पण खात्याखात्यांनी आपला खर्च उपयोजनेत दाखवू नये म्हणूनच तर सुकथनकर समिती बसली होती.

एक चांगली गोष्ट २०१५ साली झाली. उपयोजनेतला ५ टक्के निधी पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट द्यायचा आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभेने ठरवायचे, असा निर्णय राज्याने घेतला. पायाभूत सुविधा, वनहक्क, आरोग्य आणि शिक्षण, जंगल आणि पाणी अशी त्याची खाती आहेत. रक्कम फार मोठी नसते. पण इथे हिशेब विचारणारा माणूस आणि भुकेचा महिना ओळखणारा माणूस एकच असतो.

अशा एका ग्रामसभेला मी शहापूर तालुक्यात गेलो होतो, पंधरा ऑगस्टची. बाहेर पाऊस, शाळेच्या खोलीत ओल्या छत्र्यांचा ढीग. ग्रामसेवकांनी जमाखर्च वाचला. एवढे आले, एवढे गेले, एवढे शिल्लक. सगळे नीट होते. मागे बसलेली एक बाई उठली. भाऊसाहेब, म्हणाली, पैशे कवा आले त्याची तारीख वाचा. ग्रामसेवकांनी चष्मा लावला, पासबुकाची पाने उलटली आणि तारीख वाचली. एकोणतीस मार्च. बाईने शेजारणीकडे पाहिले. "तवा आपण भट्टीवर व्हतो," ती म्हणाली आणि खाली बसली. मग शाळेच्या गळक्या छपराचा विषय निघाला आणि सभा पुढे चालू झाली.