भागीदारीचा दर्जा आणि समितीतला विद्यार्थी

विद्यापीठांमधल्या भागीदारीचे प्रकार अनेक आहेत. फ्रँचाइझ पद्धतीत एका विद्यापीठाने आखलेला अभ्यासक्रम दुसरी संस्था शिकवते. मान्यतेच्या पद्धतीत संस्था अभ्यासक्रम स्वतः आखते, पण पदवी विद्यापीठाची असते. ट्विनिंगमध्ये विद्यार्थी शिक्षणाचा काही भाग भागीदार विद्यापीठात जाऊन पुरा करतो. संयुक्त पदवीत दोन किंवा अधिक विद्यापीठे मिळून अभ्यासक्रम चालवतात आणि मिळून एकच पदवी देतात. शिकवायचे महाविद्यालयाने आणि पदवी द्यायची विद्यापीठाने, ही रचना महाराष्ट्राला नवी नाही. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ मुळात संलग्नतेच्या तत्त्वावरच उभे राहिले.

यातल्या प्रत्येक प्रकारात जबाबदारी वाटली जाते आणि वाटणीत काही ना काही कुणाकडेच जात नाही. वेल्स विद्यापीठाचे उदाहरण बोलके आहे. हे विद्यापीठ जगभरातल्या शंभराहून अधिक संस्थांच्या अभ्यासक्रमांना मान्यता देऊन आपली पदवी देत असे. २०१० मध्ये बीबीसी वेल्सने यातल्या काही परदेशी भागीदारांच्या कारभाराबद्दल प्रश्न उपस्थित केले. पुढच्या वर्षी ब्रिटनच्या गुणवत्ता हमी संस्थेने, म्हणजे क्यूएएने, भागीदारांवरच्या देखरेखीतल्या त्रुटींवर बोट ठेवले. ऑक्टोबर २०११ मध्ये विद्यापीठाने बाहेरच्या संस्थांना मान्यता देण्याचे कामच बंद करत असल्याचे जाहीर केले. करारनामे, समित्या, वार्षिक अहवाल हे सगळे असूनही दूरच्या वर्गात काय चालले आहे, ते मुख्यालयात नीट कळत नव्हते.

ते ज्याला रोज कळते, तो विद्यार्थी. प्राध्यापक आणि अधिकारी आपापल्या संस्थेचे असतात. दोन्हीकडच्या व्यवस्थांचा अनुभव एकाच वेळी घेतो तो विद्यार्थीच. म्हणून भागीदारीच्या मूल्यमापनात त्याचे म्हणणे ऐकणे पुरेसे नाही, मूल्यमापन करणाऱ्यांतही तो हवा, हा विचार युरोपात पुढे आला.

१९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्याने युरोपातल्या देशांच्या उच्च शिक्षणाच्या व्यवस्था एकमेकींशी जुळवून घेण्याचे काम सुरू केले. २००१ मध्ये प्राग येथे शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना विद्यापीठीय समाजाचे पूर्ण सदस्य म्हटले. २००३ च्या बर्लिन बैठकीत गुणवत्तेच्या मूल्यमापनात विद्यार्थ्यांचा सहभाग असावा, असे ठरले. २००५ साली स्वीकारलेली आणि २०१५ मध्ये सुधारलेली गुणवत्ता हमीची युरोपीय मानके आज स्पष्टच सांगतात की बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञ समितीत विद्यार्थी सदस्य असलाच पाहिजे. स्कॉटलंडने २००३ मध्येच संस्थांच्या परीक्षणाच्या नव्या पद्धतीत विद्यार्थ्याला समितीत घेतले होते. वर्गप्रतिनिधींना प्रशिक्षण देणारी ‘स्पार्क्स’ ही संस्थाही तिथे त्याच वर्षी सुरू झाली.

संयुक्त पदव्यांसाठी मे २०१५ मध्ये येरेवान येथे शिक्षणमंत्र्यांच्या बैठकीत स्वतंत्र नियमावली मंजूर झाली. त्याआधी तीन देशांत चालणाऱ्या एका अभ्यासक्रमाला तीन वेगवेगळ्या मूल्यमापनांना सामोरे जावे लागे. नव्या पद्धतीत एकच समिती सगळ्या भागीदारांचे मिळून परीक्षण करते. समितीत किमान चार सदस्य असतात, त्यांपैकी किमान एक विद्यार्थी. तो परीक्षणाखालच्या संस्थेचा नसतो, म्हणजे आपल्याच गुरुजनांवर मत देण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. भेट सहसा एकाच ठिकाणी दिली जाते, पण सर्व ठिकाणचे शिक्षण लक्षात घेणे बंधनकारक असते. परीक्षण दर सहा वर्षांनी होते. युरोपियन स्टुडंट्स युनियन ही विद्यार्थी संघटना अशा कामासाठी प्रशिक्षित विद्यार्थ्यांचा गट तयार ठेवते.

समितीचे काम कागदापासून सुरू होते. संस्था स्वयं-मूल्यमापन अहवाल पाठवते, सदस्य तो वाचून शंका काढतात आणि मग भेटीत विद्यार्थ्यांशी प्राध्यापकांच्या गैरहजेरीत स्वतंत्र चर्चा होते. इथे विद्यार्थी सदस्य विचारतो ते प्रश्न साधे असतात. दुसऱ्या देशातल्या सत्रात पहिल्या विद्यापीठाचे ई-ग्रंथालय उघडते का? व्हिसा उशिरा मिळाला तर बुडालेल्या तासिकांचे काय? निकालाबद्दल तक्रार असेल तर अर्ज कुठे करायचा? शेवटच्या प्रश्नाला दोन विद्यार्थ्यांनी दोन वेगळी उत्तरे दिली, तर करारातले तक्रार निवारणाचे कलम कितीही नेटके असो, ते प्रत्यक्षात पोहोचलेले नाही हे समितीला समजते.

असे साधे प्रश्न का महत्त्वाचे, हे समजण्यासाठी गुणांचेच उदाहरण घ्या. जर्मनीत १.० ही सर्वोत्तम श्रेणी आणि ४.० ही उत्तीर्णतेची सीमा. इटलीत उत्तीर्ण होण्यास ३० पैकी १८ गुण लागतात. दोन्हीकडे शिकणाऱ्याची अंतिम श्रेणी काढायची तर रूपांतराचा तक्ता आधी ठरलेला आणि विद्यार्थ्यांना माहीत असलेला हवा. तक्ता नसल्याचा फटका ज्याला बसू शकतो, तो त्याबद्दल विचारायला विसरत नाही.

या पद्धतीच्या अडचणीही आहेत. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातला विद्यार्थी सुधारणा होईपर्यंत बाहेर पडलेला असतो. शिष्यवृत्तीवर किंवा व्हिसावर असलेला परदेशी विद्यार्थी मोकळेपणाने बोलायला कचरतो. संस्था चर्चेला आपल्या मर्जीतली मुले पाठवू शकते. मुख्यालयातल्या विद्यार्थी संघात भागीदार संस्थेतल्या मुलांना अनेकदा जागाच नसते. समितीतला एकटा विद्यार्थी ज्येष्ठांपुढे गप्प बसला, तर त्याचे सदस्यत्व नावापुरते उरते. म्हणून प्रशिक्षण, इतर सदस्यांइतकाच मताचा अधिकार, बोलणाऱ्यांची नावे अहवालात न येण्याची हमी, प्रत्येक ठिकाणच्या विद्यार्थ्यांशी ऑनलाइन का होईना पण वेगळी चर्चा आणि सुचवलेल्या सुधारणांचे पुढे काय झाले ते जाहीर करणे, एवढ्या गोष्टी आवश्यक ठरतात.

भारतात हा प्रश्न आता जवळ आला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी भारतीय आणि परदेशी संस्थांना ट्विनिंग, संयुक्त आणि दुहेरी पदवीचे अभ्यासक्रम चालवण्याची वाट खुली केली. ट्विनिंगमध्ये परदेशी संस्थेतून जास्तीत जास्त ३० टक्के क्रेडिट (श्रेयांक) मिळवता येतात. संयुक्त पदवीत प्रत्येक संस्थेतून किमान ३० टक्के मिळवावे लागतात. विद्यार्थ्यांचे मत घेण्याच्या काही सोयी आपल्याकडे आहेत: महाविद्यालयांच्या आयक्यूएसीत, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात, विद्यार्थी प्रतिनिधी असतो, २०१७ पासून नॅक या राष्ट्रीय मूल्यांकन आणि मान्यता परिषदेच्या मूल्यांकनात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आले आणि नॅकची पीअर टीम, म्हणजे परीक्षक समिती, भेटीत विद्यार्थ्यांशी बोलत आली आहे. पण टीम स्वतः प्राध्यापक आणि प्रशासक यांची असते. सर्वेक्षण ठरलेल्या प्रश्नांची उत्तरे गोळा करते. कोणते प्रश्न विचारायचे हे ठरवण्याचा अधिकार समितीत बसणाऱ्यालाच मिळतो. दोन देशांत विभागलेल्या पदव्या वाढतील तसतसा उत्तरे देणे आणि प्रश्न ठरवणे यांतला हा फरक भारतीय विद्यार्थ्यांसाठी अधिक महत्त्वाचा ठरेल.